बेचाळीस दोऱ्यांवरचे कपडे

धनीबाई आडेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. जानेवारी होता, ऊन कोवळं होतं, आणि मदनसिंग तांड्यावरच्या एकूण एक घरासमोर दोरीवर लुगडी, सदरे, परकर लटकत होते. मला वाटलं, काय स्वच्छ माणसं आहेत. समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या वेळी एवढाच विचार आला, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मी केनवडची. वडील रंगराव वांगी-मेथी पिकवतात, आई कस्तुराबाई बाजारात पाटी घेऊन बसते. घरात एवढी शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे शहाणपणाची कमतरता मला कधी भासली नाही. माझा विषय होता हंगामी स्थलांतर. दिवाळी झाली की जी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर, हैदराबादेकडे बांधकामावर जातात, ती त्या सहा महिन्यांत स्वतःला कुठली म्हणवतात, हे मला शोधायचं होतं. रिठदवरून आत शिरलं की टेकडीच्या पायथ्याशी हा बंजाऱ्यांचा तांडा लागतो. घरं बेचाळीस. मला ती एका सकाळीत उरकायची होती, कारण दुपारची एसटी चुकली असती तर संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसावं लागलं असतं.

धनीबाई माझ्यासोबत घरोघरी फिरली. साठी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर गोंदण. चालताना तिच्या कमरेला पदराखाली काहीतरी खुळखुळत होतं. मी समजले, चांदीचं काही असेल. प्रत्येक दारात ती मला माहिती पुरवायची. हे तुरीच्या वावरात गेले, हे रिठदला दळणाला गेले, ही पाण्याला गेली. दारात चपला होत्या, उंबरे शेणानं ताजे सारवलेले होते, अंगणातल्या चुलीत राख ऊबदार होती. एका घरासमोर उभं राहून तिनं आपल्या बोलीत आत हाक मारली, "सोनी, मॅडम आल्या." आतून उत्तर आलं नाही. बाळंतीण आहे, झोपली असेल, असं ती मला म्हणाली. मी आवाज बारीक केला आणि चवड्यांवर चालत पुढं गेले. फॉर्मवर 'कुटुंब निवासी आहे' या चौकोनात खूण केली. अशा बेचाळीस खुणा केल्या आणि एसटी पकडली.

त्या दिवशी तांड्यावर धनीबाई सोडून एकही माणूस नव्हतं. मुलंसुद्धा तिकडं दूर शाळेत होती. हे मला कळायला दहा महिने लागले.

नोव्हेंबरात एका सोमवारी तांड्यावरची मुलं जातात त्या शाळेतल्या ऋषिकेश सरांचा फोन आला. शांत माणूस, पण आवाज कोरडा होता. त्यांनी सांगितलं की यंदा हंगामी वसतिगृह मंजूर झालेलं नाही. कामाला गेलेल्यांची मुलं तिथं राहतात. शाळेच्या दोन खोल्या असतात, स्वयंपाकाला एक बाई असते, आणि तीच रात्री मुलींच्या खोलीत झोपते. गेल्या वर्षी तांड्याची अठरा मुलं होती. यंदा वरून कागद आला, की सदर वस्तीत स्थलांतर नाही. त्या कागदाला एक तक्ता जोडला होता.

"तक्त्याखाली तुमचं नाव आहे मॅडम," सर म्हणाले.

माझ्या अभ्यासातले आकडे एका कार्यालयानं मागितले होते आणि मी मोठ्या तोऱ्यात दिले होते. आपलं संशोधन कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, याचा मला आनंद झाला होता. फोन ठेवल्यावर मी जुने फॉर्म काढून बेचाळीस खुणा पुन्हा मोजल्या.

मंगळवारी स्कूटीवर तांडा गाठला. दोऱ्यांवर कपडे होतेच. या वेळी मी एका लुगड्याला हात लावला. ओलं होतं. पुढच्या दोरीवरचा सदरा ओला होता. पण अंगणात पायाचा ठसा नव्हता, आणि दार ढकललं तर आतल्या बाजूला, कडीत, फटीतून हात घालून लावलेलं कुलूप. धनीबाई मागं येऊन उभी राहिली. तिला माझा राग आला नव्हता, आश्चर्यही वाटलं नव्हतं. तिनं पदर बाजूला केला. कमरेला काळ्या दोऱ्यात किल्ल्यांचा जुडगा होता.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी पलीकडच्या टेकडीवरच्या तांड्यात चोरांनी दिवसाढवळ्या टेम्पो लावून घरं रिकामी केली होती. भांडी, धान्याच्या कोठ्या, छपराचे पत्रे, अगदी दारंसुद्धा. राखणीला मागं राहिलेल्या म्हाताऱ्याला बाजेला बांधून ठेवलं होतं. तो लोकांना तिसऱ्या दिवशी सापडला. 'सापडला' एवढंच ती म्हणाली, आणि पुढचं विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या वर्षापासून तांडा सोडणारं प्रत्येक घर तिच्याकडे किल्लीसोबत जुने कपडे ठेवून जातं. एक बाईचा, एक गड्याचा. ती ते रोज सकाळी ओले करून दोऱ्यांवर टाकते. एकच लुगडं एका दोरीवर दोन दिवस दिसता कामा नये, पाहणारा ओळखतो. चुली पेटवते, विझवते. चपला या दारातून त्या दारात हलवते. सोनीच्या घरात हाक मारते. सोनी आणि तिचा नवरा राजपाल तेव्हा हैदराबादेत एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर विटा वाहत होते.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. रागानं विचारलं, खरं सांगायचं तर. मला फसवलं म्हणून.

"तू कागदावर लिहून राह्यली होती," धनीबाई म्हणाली. "घर बंद हाय असं कागदावर आलं, तं तो कागद फक्त सायबच वाचते का?"

 माझ्या फॉर्मच्या पहिल्या पानावर 'माहिती गोपनीय ठेवली जाईल' असं ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि तीच माहिती मी तक्ता करून देऊन बसले होते.

आता प्रश्न निताचा होता. निता धनीबाईची नात, बारा वर्षांची, सातवीत. तिचे आईवडील गोविंदसिंग आणि संगीता अजून तांड्यावरच होते, मुकादमाचा ट्रक रविवारी यायचा होता. वसतिगृह नाही म्हणजे निता त्यांच्यासोबत ऊसतोडीला जाणार. मी म्हटलं, आजीजवळ राहू दे की. संगीतानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. रविवारनंतर सगळी घरं बंद, एक म्हातारी आणि एक वयात येणारी पोरगी, सहा महिने, टेकडीच्या पायथ्याशी. धनीबाई स्वतःच नको म्हणत होती. स्वतःसाठीची भीती तिच्या अंगवळणी पडली होती, पण पोरीसाठीची भीती तिला पेलत नव्हती. "माह्याजवळ ठेवाले मले भेव वाटते, आन तिकडं धाडाले त्याच्याहून जास्त," ती म्हणाली. निताची थोरली बहीण बारा वर्षांचीच असताना अशी गेली होती. तिसऱ्या हंगामात तिचं लग्न फडावरच लागलं. ती पुन्हा तांड्यावर आली ती कडेवर मूल घेऊन.

बुधवारी मी त्या कार्यालयात जाऊन चूक कबूल केली. मान खाली घालून उभी राहिले. साहेब भला माणूस होता. त्यांनी उपाय सांगितला. नवी यादी द्या. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, कुठं गेले, घर बंद. खाली तांड्यावरच्या जबाबदार माणसाचा अंगठा. शुक्रवारी मी येऊन पाहतो, शनिवारी वसतिगृह सुरू करू. फक्त यादी सात दिवस पंचायतीच्या फळ्यावर लागेल, कुणाची हरकत असेल तर घेता यावी म्हणून.

गुरुवारी हे मी धनीबाईला सांगितलं. ती अंगणात बाजेवर बसली होती.  किल्ल्यांवरून बोटं फिरवत राहिली, एकेक किल्ली, जप करावा तशी.

तेवढ्यात रस्त्यावरून मोटरसायकल आली. मागं निळी पोती बांधलेली, भंगार गोळा करणारा असावा. गडी तरणाताठा होता. त्यानं गाडी बंद केली आणि पाणी मागितलं. पण तो धनीबाईकडे पाहत नव्हता, घरांकडे पाहत होता. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत त्याची नजर सावकाश गेली.

"सगळे कामाले गेले का बाई?" त्यानं विचारलं.

"कोन गेलं? हे काय, घरातच हायेत," धनीबाई म्हणाली आणि सोनीच्या दाराकडे वळून आपल्या बोलीत खेकसली, की सोनी, पाणी आण, किती झोपतेस. आतून काही आलं नाही. येणार कसं. धनीबाई हसत त्याला म्हणाली, बाळंतीण हाय, उठत नाही लवकर. त्याच सुरात, त्याच शब्दांत, जसं मला सांगितलं होतं. मी दहा महिन्यांपूर्वी ज्या ठिकाणी मान डोलावली होती तिथं त्या माणसानं मान डोलावली नाही. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला. सोनीला गेल्या जानेवारीत बाळ झालं असतं तर ते आता रांगायला लागलं असतं, आणि ही बाळंतिणीची थाप या माणसानं आधी कधी ऐकलेली नसेल अशी मी मनोमन प्रार्थना करत होते. मग तो गाडीला किक मारून गेला. तो चोर होता का, हे मला आजही माहीत नाही. गरीब भंगारवालाही असेल. पण गाडी दिसेनाशी झाल्यावर धनीबाई सोनीच्या दारापाशी गेली आणि कडीतलं कुलूप ओढून पाहून आली.

मला वाटलं, झालं, आता ही अंगठा देणार नाही. दिला नसता तर मला बरंच वाटलं असतं, इतकी मी घाबरले होते.

घरामागून हसण्याचा आवाज आला म्हणून आम्ही दोघी तिकडं गेलो. निता तुरीच्या वाळक्या काड्यांवर कोयता चालवून पाहत होती. वडिलांनी तिच्या हाताच्या मापाचा लहान कोयता आणला होता. दोन घावांत काडी तुटली की ती खुश होऊन हसायची. दप्तर शेजारी दगडावर होतं. धनीबाईनं तो कोयता तिच्या हातातून घेतला, वळचणीला खोचला आणि माझ्याकडे हात पुढं केला.

"आण तुह्या कागद."

शाई लावताना तिचा अंगठा थंडगार होता. आधीच गेलेल्या घरांची चौतीस नावं होती. तिनं मला प्रत्येक नाव वाचायला लावलं. प्रत्येक नावाला ती ती किल्ली चिमटीत धरायची आणि म्हणायची, हं. एखाद्या घरचं मरण ऐकावं तसं ते 'हं' होतं. शेवटी म्हणाली, ह्या लोकाइनं घर माह्या भरवशावर टाकलं, आन मीच फळ्यावर लिहून द्यून राह्यली. मी यादीची घडी घातली.

शुक्रवारी साहेब आले. त्यांना कुलपांसकट प्रत्येक घराचा फोटो हवा होता. पहिल्याच घराशी ते थांबले. दोरीवर ओलं लुगडं होतं.

"मॅडम, फोटोत हे कपडे आले तर वरून यादी परत येईल," ते म्हणाले. "बंद घरासमोर धुणं कसं?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्याच धुण्यावर विश्वास ठेवला होता. मी लुगडं ओढायला गेले तर धनीबाईनं माझा हात बाजूला सारला. निताला नाही म्हणाली, संगीतालाही नाही म्हणाली. चौतीस दोऱ्यांवरचे कपडे तिनं एकटीनं काढले. बाहेरून कुलूप दिसावं म्हणून प्रत्येक कुलूप आतल्या कडीतून काढून दाराबाहेर लावलं. साहेब मागून फोटो काढत गेले. तासाभरात तांडा उघडा पडला. मी इतकी वर्षं ओस, उजाड, निर्जन असे शब्द प्रबंधात वापरत आले होते, पण ती जागा कशी दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. उरलेली आठ घरं ट्रकची वाट बघत होती. रविवारनंतर तीही गेली असती.

शनिवारी वसतिगृह सुरू झालं. निता दप्तर आणि गोधडी घेऊन गेली, सोबत सतरा मुलं, आईबापांनी तोवर नातेवाइकांकडे ठेवलेली. रविवारी ट्रक गेला तेव्हा संगीता ट्रकच्या हौद्यात उभी होती, आणि तिच्या शेजारची निताची जागा रिकामी होती. तेवढं आम्ही मिळवलं. त्याच दिवशी फळ्यावर यादी लागली होती.

सोमवारी मी मुद्दाम पंचायतीवरून गेले. फळ्यासमोर दोन माणसं उभी होती. एक जण मोबाइलवर यादीचा फोटो काढत होता. त्यांच्या गाडीला निळी पोती होती. निळी पोती जिल्ह्यात हजार गाड्यांना असतील, हे मी स्वतःला घरी पोचेपर्यंत सांगत होते. घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "कागद तुह्यापायी फळ्यावर लागला ना? मंग कागद निघेपर्यंत तू जाय तिथं."

मी गेले. पिशवीत चार कुर्ते, एक टॉर्च, आणि प्रबंधाची फाइल, ती का घेतली देव जाणे. धनीबाई तांड्याच्या तोंडाशी दगडावर बसली होती. दोऱ्या रिकाम्या होत्या. मी विचारलं, कपडे का नाही घातले? ज्याला वाचता येतं त्याला कपड्याचं काय, अशा अर्थाचं ती पुटपुटली. मग माझी पिशवी तिनं उघडली, माझा पिवळा कुर्ता काढला, बादलीत बुचकळला, पिळला आणि सोनीच्या दोरीवर टाकला.

"हा कोनी पाह्यला नाही," ती म्हणाली. "सोनी आली परत. कागद जुना झाला."

मग ती उठली, बाहेरची कुलपं पुन्हा आतल्या कड्यांत घातली आणि बाकीच्या दोऱ्या भरायला लागली. या वेळी तिनं मला हात लावू दिला. दिवसा मी सोनीच्या घरात बसायचं, दार अर्धं लोटून, आणि दिसायचं नाही, असं ठरलं. आतून पहिल्यांदा ते घर पाहिलं. पालथी घातलेली भांडी, दोरीला गुंडाळून टांगलेली बाज, भिंतीवर पाळण्याची रिकामी कडी. राजपाल आणि सोनीला मूल नव्हतंच कधी. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. प्रत्येक गाडीचा आवाज आला की मी दाराआड भिंतीला चिकटायचे. ही बाई पाच हंगाम असं बसून आहे, एवढंच मनात येत होतं, आणि कुणी ते मोजलेलं नाही. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकल आली आणि थांबली. दोन माणसांचे आवाज. एक ओळखीचा. त्यानं पाणी मागितलं. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मला कळलं की तो दोऱ्यांकडे पाहतोय. दुसरा म्हणाला, यादीत तर सगळे बंद लिहिलेत.

धनीबाईचा आवाज चढला. तोच खेकसणारा, रोजचा. "सोनी, पाणी आण."

 ही हाक या वेळी मलाच होती. त्यांच्या बोलीतले मला चार शब्द येत होते. अख्खा तांडा धनीबाईला याडी म्हणतो, म्हणजे आई, त्यातला एक तो.

"हां, याडी," मी आतून म्हटलं, आणि तांब्या मुद्दाम मडक्यावर आपटला.

 मग गाडीला किक बसली, एकदा, दोनदा. आवाज फाट्याच्या दिशेनं लांब गेला.

थोड्या वेळानं धनीबाई आत आली.  माझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग कमरेचा जुडगा सोडून त्यातली एक किल्ली वेगळी केली आणि माझ्या मुठीत दिली.

"उद्या पलीकडच्या घरातून बोलजो," ती म्हणाली. "रोज एकाच घरातून आवाज आला तं लोकं ओळखते."